साधा वर्तमानकाळ
टिंक्चर आयोडीनचा वास आला की तासगावातली ती दुपार आठवते. लढाई चालू होती, मालक पलटणीत होते आणि लष्करी इस्पितळातून एक इंग्रजी पत्र आलं. कागदाला तोच वास होता. घरात इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेली मी एकटीच. "वाच की गं, माझं प्वार हाय का न्हाई?" सासूबाई म्हणाल्या. अक्षरं लागत होती, अर्थ लागेना. मग 'ही स्लीप्स', 'ही टेक्स मिल्क' एवढं ओळखू आलं. क्रियापदाला एस लागला की साधा वर्तमानकाळ, हे शाळेत घोकलेलं होतं. मी प्रत्येक एसवर बोट ठेवून पाहिलं. "आत्याबाई, झोपत्यात, दूध घेत्यात. हायत." त्या मटकन बसल्या आणि रडू लागल्या. तेवढ्यात माझी नजर वरच्या तारखेवर गेली. पत्र दोन महिन्यांपूर्वीचं होतं. मी ते घडी करून कमरेला खोचलं. पुढे पाच आठवडे त्या रोज विचारायच्या, "दूध घेतोय न्हवं?" आणि मी रोज "व्हय" म्हणायची. शेवटी मालक काठी टेकत दारात आले, तेव्हा सासूबाई धावल्या. मला चुलीपुढून उठताच आलं नाही. त्या तारखेचं मी दोघांनाही कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.