डिव्हिजन जिंकलो तर येतो

"थांब, अजून बरोबरी सुटली नाहीये," असं म्हणून काका उजवा तळहात पुढे धरत, आणि समोरचा माणूस बोलता बोलता खरंच थांबे. विषय कोणताही असो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आरास कसली करायची इथपासून पोह्यांत बटाटा घालायचा की नाही इथपर्यंत. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या झाल्या आणि लोकांनी आवाज चढवले की काकांचा हात वर येई.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. सगळे त्याला पाठीमागे हसतात आणि अडलं की त्यालाच फोन करतात. अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये आमच्या समोरच्या घरात राहणारे काका तसे होते. मूळचे नागपूरचे, म्हणजे आमच्याच गावचे. इथल्या एका मोटार कंपनीत त्यांनी सगळी नोकरी गाडीच्या दारांवर काढली. दार किती वेळा उघडलं-मिटलं की बिजागरी सैल होते, हे तपासायचं काम. निवृत्त झाल्यावरही आमच्या गाडीत बसले की दार दोनदा लावून बघत आणि "ठीक आहे," असं म्हणत. माझ्या नवऱ्याला ते अजिबात खपत नसे.

नवऱ्याचा काकांवर राग असायला दुसरंही कारण होतं. एका उन्हाळ्यात मंडळाच्या पिकनिकला व्हॉलीबॉलचे सामने झाले. पुणेकरांनी मुंबईकरांना हरवलं, मुंबईकरांनी नागपूरकरांना आणि नागपूरकरांनी पुणेकरांना. तिघं सारखे. कुणी म्हणालं नाणं उडवा, कुणी म्हणालं कप फिरता ठेवा. काकांचा हात वर आला.

"तिघांत गोल फिरतंय ना? मग आता एकूण गुण बघा. सगळ्यात कमी कुणाचे?"

पुणेकरांचे. ते बाहेर गेले. नागपूरकरांचे गुण सगळ्यात जास्त, म्हणून आमचा नवरा, जो नागपूरचा कॅप्टन होता, कप घ्यायला निघालासुद्धा.

"थांब. तिघं होते तोवर गुण. आता दोघंच उरले. दोघं उरले की परत पहिल्या पायरीवर यायचं. तुमच्या आपसातली मॅच कोण जिंकलं?"

मुंबईकर. कप मुंबईला गेला. "यार, हे काका आपले आहेत की त्यांचे?" असं नवरा आठवडाभर बडबडत होता. मला मात्र त्या दिवसापासून काका फार आवडायला लागले. नवऱ्याला कुणीतरी नियमाने गप्प केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

हा नियम त्यांनी मनाने काढला नव्हता. तो कॉलेज फुटबॉलचा होता, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा. इथे कॉलेजांच्या फुटबॉलवर अख्खं गाव शनिवारी कामधंदा सोडतं. काकांचा मुलगा ज्या कॉलेजात शिकला ते कॉलेज ज्या गटात खेळे, त्या गटाचे तेव्हा दोन विभाग, म्हणजे डिव्हिजन, होते. प्रत्येक विभागातला पहिला संघ डिसेंबरात फायनल खेळायचा, तीही शेजारच्याच राज्यात, गाडीने जाण्यासारख्या अंतरावर. एका विभागात दोन-तीन संघ बरोबरीत आले तर पहिला कोण, हे ठरवायच्या पायऱ्या असतात. त्या पायऱ्या काकांना मनाचे श्लोक पाठ असावेत तशा पाठ होत्या.

गंमत अशी, की खेळ त्यांना मुळीच आवडत नसे. टीव्हीचा आवाज बंद असायचा. एखाद्याने आडवी उडी मारून चेंडू झेलला आणि स्टेडियम उठून उभं राहिलं, तरी काका खालून सरकणारी निकालांची पट्टी वाचत असत.

"एवढी धिप्पाड पोरं एकमेकांच्या अंगावर का पडतात गं?" त्यांनी मला एकदा मनापासून विचारलं होतं.

"मग बघता कशाला?"

"त्याचा फोन येतो ना संध्याकाळी."

हा त्यांचा मुलगा पार पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटला असतो. एकुलता एक. त्याच्या कॉलेजच्या दिवसांत तो काकांना दरवर्षी म्हणायचा, बाबा, एकदा तरी मॅचला या. काका विचारायचे, परीक्षा कधी आहे? काकू एकदा गेल्या होत्या आणि गालावर कॉलेजचा रंग लावून परत आल्या होत्या, ही गोष्ट काका अजून नवलाने सांगत. घरात फोन आला की काकू बोलायच्या आणि शेवटी फोन काकांच्या हातात द्यायच्या. "बरा आहेस ना? ठेवतो," एवढंच काका बोलत. मग काकू गेल्या. फोन हातात द्यायला कुणी उरलं नाही. बापलेकांत भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान मिटवता तरी आलं असतं. त्यांना एकमेकांशी बोलायला विषयच नव्हता.

तो विषय काकांनी शोधून काढला. नियम वाचले, पाठ केले आणि एका शनिवारी मुलाला फोन करून विचारलं, तुमचं कॉलेज आज हरलं, पण ते दुसरे जिंकले तर तुमचं काय होईल? मुलाने म्हणे प्रश्न परत विचारायला लावला. मग दोघं बराच वेळ बोलत बसले. तेव्हापासून दर शनिवारी फोन. हरण्या-जिंकण्यापेक्षा गुंता झाला की काका खूश असत. गुंता मोठा तेवढा फोन लांबायचा. मला हे कळलं तेव्हा हसू आलं होतं. नंतर घरी येऊन मी उगीचच माझ्या आईला फोन लावला.

ज्या सीझनबद्दल मला सांगायचंय, त्यात एका शनिवारी मुलगा सहज बोलून गेला, "बाबा, आपण डिव्हिजन जिंकलो ना, तर मी येतो. फायनलला दोघं ड्राइव्ह करून जाऊ."

बस्. काकू गेल्यानंतर तो घरी आला नव्हता. काकांनी वरच्या खोलीतली चादर बदलली, तीही फायनलच्या किती आधी! बसायला दोन उशा आणल्या, स्टेडियमचा बाक थंड असतो म्हणून. मी सांगितलं, काका, ते स्टेडियम बंदिस्त आहे, आत हीटिंग असतं. "असू दे," ते म्हणाले. मंडळात ज्याला त्याला सांगत सुटले, "तो येणारय. म्हणजे, आपण जिंकलो तर." ते 'तर' ते रोज जरा हळू म्हणायला लागले.

सीझनचा शेवटचा शनिवार थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतरचा, नोव्हेंबरअखेरचा. मी दुपारी भाजी द्यायला गेले तर डायनिंग टेबलावर स्टीलच्या तीन वाट्या मांडलेल्या होत्या. कॉलेजांची नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत म्हणून काकांनी माझ्यापुरती त्यांची बारशी केली होती. ही वाटी 'आपले', ही 'लाल', ही 'मकेवाले'. तिघांचे सगळे सामने झालेले आणि तिघं बरोबरीत.

"आपण मकेवाल्यांना हरवलं, मकेवाल्यांनी लालला, आणि लालने आपल्याला," काका वाट्या गोल फिरवत म्हणाले. "म्हणजे आपसात सुटत नाही. आता विभागात चौथा कोण येतो ते बघायचं, आणि त्या चौथ्याशी हे तिघं कसे खेळले ते."

चौथा ठरायचा होता डोंगरवाले आणि तळ्यावाले यांच्यात. त्यांची मॅच टीव्हीवर चालू होती. तळ्यावाल्यांनी त्या वर्षी लालला हरवलं होतं. ते चौथे आले की लाल बाहेर, उरले आपले आणि मकेवाले, आणि मकेवाल्यांना आपण हरवलेलं होतं. डोंगरवाले चौथे आले तर मात्र मकेवाले बाहेर, कारण ते डोंगरवाल्यांकडून हरले होते. मग उरले आपले आणि लाल.

ज्या दोन कॉलेजांशी आमचा काडीचा संबंध नव्हता, त्यांची मॅच आम्ही श्वास रोखून पाहिली. काकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज चालू केला. मला तर कोण कुठल्या दिशेला पळतंय तेही कळत नव्हतं. मी फक्त काकांच्या तोंडाकडे बघून तळ्यावाले पुढे आहेत की मागे ते ओळखत होते.

तळ्यावाले हरले.

काकांनी मकेवाल्यांची वाटी उचलून बाजूला ठेवली. दोन वाट्या उरल्या. मी व्हॉलीबॉलच्या मैदानावर त्यांना ऐकलेलं होतं, त्यामुळे मलाही पुढचं ठाऊक होतं. लालने आपल्याला हरवलेलं. संपलं. मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं तर काकांचा हात वर आला.

"थांब. अजून बरोबरी सुटली नाहीये. आता पाचवा बघायचा. पाचवे तळ्यावाले. तळ्यावाल्यांना आपण हरवलंय. लाल हरलेत त्यांच्याकडून. म्हणजे आपण!" त्यांनी लालची वाटी उचलली. टेबलावर एकच वाटी राहिली. "आपण पुढे गेलो!"

त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मी भाजीचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले. ते फोन लावत होते. एका हातात लालची वाटी असल्यामुळे त्यांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"अरे, आपण जिंकलो डिव्हिजन! गेलो फायनलला!"

"बाबा... फोर्थ डोंगरवाले आले ना?" मुलाने खऱ्या कॉलेजचं नाव घेतलं, मी माझ्या सोयीचं लिहितेय. "मग मकेवाले आउट. मग दोनच उरले."

"हो."

"दोन उरले की हेड-टू-हेड, बाबा. वी लॉस्ट टू देम."

काका टेबलावरच्या त्या एका वाटीकडे बघत होते. मग त्यांनी हातातली लालची वाटी हळूच तिच्या शेजारी ठेवली.

"हो की. तुझं बरोबर आहे. विसरलोच मी."

"इट्स ओके, बाबा." तो म्हणाला, "मग?"

"मग काय. पुढच्या वर्षी बघू."

"ओके," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी."

मला ओरडावंसं वाटत होतं, अरे, मग तसाच ये ना! फायनल गेली खड्ड्यात! पण मी शेजारीण. फोन बंद झाल्यावर काकांनी वाट्या विसळल्या, पुसल्या, जागेवर ठेवल्या आणि मला विचारलं, "चहा घेतेस?" आम्ही चहा घेतला. नियम तो नियम, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं.

पुढच्या वर्षी विभागच बंद झाले. गटात नवीन कॉलेजं घेतली, सगळ्यांची एकच यादी केली आणि तिच्यातले पहिले दोन फायनलला. काकांनी ती बातमी मला फाटकाशी उभं राहून सांगितली. "आता डिव्हिजनच नाही," ते म्हणाले. "मग जिंकणार काय?" बरोबरी सोडवायचे नवे नियम आले होते, पण ते त्यांनी पाठ केले नाहीत. शनिवारचे फोन येत राहिले, पण आखडत गेले. कसे आहात, बरा आहे, तू कसा आहेस, थंडी कशी आहे. मंडळात यायचं कमी झालं. आमच्या गाडीत बसले तर दार एकदाच लावत. त्या काळात मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले की ते मला लवकर उठू देत नसत, आणि बोलत तर काहीच नसत. एवढं एकटं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि ट्रॉयमध्ये एकटी माणसं कमी नाहीत.

त्याच हिवाळ्यात ते गेले. झोपेतच. मुलगा आला, सगळं नीट केलं, लोकांशी नीट बोलला. दिसायला अगदी काकूंसारखा, पण उभा राहतो काकांसारखा. मंडळी पांगल्यावर मी जेवण घेऊन गेले. स्वयंपाकघरात तो एकटाच होता.

"ताई, तुम्ही होता ना त्या दिवशी इथे? टायब्रेकरच्या दिवशी?"

"होते."

"मी विमानाचं तिकीट काढलं होतं," तो म्हणाला. "मॅचच्या आधीच. जिंकू, हरू, येणारच होतो. सरप्राइज. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मला वाटलं, त्यांना गेम बघायचाय. गेम नाही तर मी येऊन काय करणार? कॅन्सल केलं."

मला खोटं बोलता येत नाही, आणि बोलायचंही नव्हतं. "त्यांना फुटबॉल कधीच आवडला नाही रे," मी म्हटलं. "आणि तो नियम ते विसरले नव्हते. विसरणारे होते का ते?"

"आय नो. त्यांनीच शिकवला मला." तो ओट्याला टेकून उभा होता. "आयुष्यात पहिल्यांदा चुकले, ते पण मी यावं म्हणून. ताई, मी त्यांना करेक्ट का केलं?"

मी पान वाढलं. तो टेबलाशी बसला आणि जेवता जेवता मोठ्याने रडायला लागला. मी त्याला थांबवलं नाही. पोळी गरम करून वाढत राहिले.