ऐंशीपैकी बाहत्तर

प्रिय इरा आणि नील,

तुमचे बाबा सांगत होते, इराने विद्यापीठांचे अर्ज भरायला घेतले आणि दुसऱ्याच दिवशी थांबवले. कुठल्याशा संकेतस्थळावर तिने आपले गुण टाकले आणि त्याने उत्तर दिलं, तुला प्रवेश मिळण्याची शक्यता चौदा टक्के. त्यानंतर ती म्हणते, उगाच कशाला भरायचं. इरा, त्या चौदा टक्क्यांवर माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या नोकरीतली एक केस मी तुम्हाला कधी सांगितली नाही, आणि ती सांगायची वेळ हीच आहे. अडलं तर बाबांकडून वाचून घ्या.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मी अंबरनाथला सहायक पोलीस निरीक्षक होते. सकाळची हजेरी झाली की वरिष्ठ निरीक्षक कागद वाटायचे. इंग्रजीतला कागद आला की तो न वाचता माझ्या टेबलावर सरकवायचे, कारण माझं शिक्षण इंग्रजीत झालेलं. त्या दिवशी फिर्यादी होते एका कनिष्ठ महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि त्यांच्या हातात परदेशातल्या एका नामांकित विद्यापीठाचा मेल होता.

प्रकरण असं होतं. बारावीच्या एका विद्यार्थिनीने त्या विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्तीसह प्रवेशासाठी अर्ज केला होता. बोर्डाचा निकाल यायला वेळ असतो, म्हणून विद्यापीठ कॉलेजकडून पूर्वपरीक्षेचे, म्हणजे प्रिलिमचे गुण मागवतं. प्राचार्यांनी ते कळवले होते. गणितात ऐंशीपैकी त्रेपन्न. पंधरा दिवसांनी त्याच कॉलेजच्या शिक्क्याचं, त्यांच्याच सहीचं दुसरं पत्र विद्यापीठाला पोचलं. त्यात गणितात बाहत्तर. विद्यापीठाने विचारलं होतं, यातलं खरं कोणतं? प्राचार्यांनी लगेच उत्तर पाठवलं, पहिलं खरं, दुसरं बनावट. मग ते ठाण्यात आले. त्यांच्या कॉलेजच्या इभ्रतीचा प्रश्न होता. मी फिर्याद लिहून घेतली, गुन्हा नोंदवला.

मुलगी बुवापाड्यात राहायची. वडील कारखान्यात फिटर, आई घरी शिवणकाम करायची. तिला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून मी महिला शिपाई घेऊन तिच्या घरी गेले. नियम चांगला आहे. पण चाळीत पोलिसांची गाडी उभी राहिली की काय होतं, ते नियम लिहिणाऱ्याने पाहिलेलं नसतं. आम्ही आत गेलो तेव्हा दारात चार बायका होत्या. बाहेर पडलो तेव्हा जिन्यापर्यंत माणसं होती.

मी मुलीला सरळ विचारलं, पत्र कोणी बदललं? माहीत नाही म्हणाली. फायदा तुझा, मग बदलणारा दुसरा कोण? त्यालाही तेच उत्तर. ती रडली नाही. रडली नाही म्हणून माझा संशय वाढला. नोकरीत अशा काही सवयी लागतात, आणि त्या बरोबर आहेत की चूक, हे कोणी तपासत नाही.

वडील पहिल्या पाळीवरून नुकतेच आले होते. ते म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं कंपनीत आहे. कधी दुसऱ्याचं कार्ड पंच केलं नाही. आमची पोरगी असलं काय करणार?"

सगळे बाप असंच म्हणतात. मी मुलीचा फोन मागितला. तिने दिला, पण हात लगेच मागे घेतला नाही.

"मॅडम, त्याच्यावर मेल येईल. घरात दुसरं काही नाहीये बघायला."

"आला तर बघू," मी म्हणाले.

दोन पंच बोलावले, पंचनामा केला, फोन पाकिटात घातला, लाखेचं सील लावलं. सिमकार्ड त्यातच, म्हणजे दुसरीकडे मेल उघडायला लागणारा ओटीपीही त्यातच. संध्याकाळी पाकीट मुद्देमाल खोलीत जमा झालं आणि स्टेशन डायरीत नोंद झाली. एकूण एक गोष्ट नियमाप्रमाणे केली. हे मी अभिमानाने लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी एका खबऱ्याने फोन केला. उल्हासनगरला एक काउन्सेलर आहे, परदेशी प्रवेशाची कामं करतो, ही मुलगी त्याच्याकडे गेली होती, कागद तिथेच बनला असणार. मला ते लगेच पटलं. उल्हासनगर म्हटलं की डुप्लिकेट माल, हा समज लोकांइतकाच आमच्या खात्यातही होता. पण मधले तीन दिवस बंदोबस्तात गेले. चौथ्या दिवशी मी त्याच्या ऑफिसात गेले. कपड्यांच्या दुकानावरची एक खोली, भिंतीवर परदेशी इमारतींचे फोटो. साठीचे सिंधी गृहस्थ, हिंदी-मराठी मिसळून बोलणारे. मी त्यांचा संगणक ताब्यात घेतला, तपासायला दिला. त्यात काही सापडलं नाही. जबाब घेताना त्यांनी कपाट उघडून तीन रंगांच्या फाइली दाखवल्या. हिरवी म्हणजे होणार, पिवळी म्हणजे सांगता येत नाही, लाल म्हणजे नाद सोडा. मुलीचा कागद लाल फाइलीत होता. ती आली, त्यांनी गुण बघितले, पाच मिनिटांत कागद लाल फाइलीत गेला. सोबत गणिताचे सर आले होते, त्यांचा चेहरा पडला, एवढं त्यांना आठवत होतं.

"मॅडम, देखो," ते म्हणाले, "माझं काम नंबर बघायचं. त्रेपन्न देखा, लाल में डाला. आणि झूठा कागज बनवायचाच असता, तर मी बाहत्तर कशाला लिहिणार? अठ्ठ्याहत्तर नाही लिहिणार?"

मला तो आगाऊपणा वाटला. पण परत येताना गाडीत ते वाक्य डोक्यातून जाईना. खोटं बोलणारा माणूस हात आखडता घेत नाही. त्यातून हे विद्यापीठ असं की भल्याभल्यांना तिथे प्रवेश मिळत नाही. बाहत्तर हा आकडा कोणाला सुचला असेल?

नवव्या दिवशी मी कॉलेजच्या रेकॉर्ड खोलीतून तिची उत्तरपत्रिका काढायला लावली. लाल पेनने तपासलेली होती, त्रेपन्न. आणि प्रत्येक प्रश्नाच्या बाजूला, समासात, बारीक पेन्सिलीने दुसरे आकडे होते. मी तिथेच बाकावर बसून बेरीज केली. बाहत्तर भरले.

गणिताच्या सरांना बोलावलं. निवृत्तीला आलेले गृहस्थ, अंगावर इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी काहीही नाकारलं नाही. त्या कॉलेजात पद्धत होती, प्रिलिम कडक तपासायची. उत्तराभोवती चौकट नाही, एक गुण गेला. मधली पायरी गाळली, अख्खं गणित गेलं. मुलं घाबरून बोर्डाला जपून लिहितात, असा हिशेब. ही पद्धत सरांनीच पाडली होती. इथल्या सगळ्यांना ती ठाऊक असते. प्रिलिमचे गुण आई-वडीलही मनावर घेत नाहीत. पण ते गुण समुद्रापलीकडे गेले तर तिथे कोण सांगणार, की हे घाबरवण्यासाठी दिलेले आहेत?

अर्ज करायला मुलीला सरांनीच तयार केलं होतं. काउन्सेलरने कागद लाल फाइलीत टाकला, त्या दिवशी ते प्राचार्यांकडे गेले आणि पेपर पुन्हा तपासू द्या म्हणाले. प्राचार्यांनी नकार दिला. एकीचे वाढवले तर सगळ्यांचे वाढवावे लागतील, आणि गेलेलं पत्र परत घेतलं तर कॉलेजचं हसं होईल. मग सरांनी एका रविवारी ऑफिसचं कुलूप उघडून घेतलं, पेपर बोर्डासारखा तपासला, नवीन पत्र छापलं, प्राचार्यांची सही केली, शिक्का मारला आणि कॉलेजच्याच मेलवरून पाठवलं; पत्र कोणत्या मेलवरून गेलं, हे मी तोवर तपासलंच नव्हतं. मुलीला यातलं काही सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "सर, एवढं केलंत, तर बाहत्तरच का? ऐंशी का नाही?"

सरांनी उत्तरपत्रिका माझ्याकडून घेतली, पान उलटलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"इथे ती खरंच चुकली आहे, मॅडम. याला गुण कसे देणार?"

मी जबाब लिहून घेतला, त्यांनी वाचून सही केली. खोट्या कागदावरचा आकडा खरा होता आणि खऱ्या कागदावरचा खोटा, पण अशा प्रकारासाठी कायद्यात कलम नाही. दुसऱ्याची सही केली ती केलीच. त्यांना अटक झाली.

त्याच दुपारी पंचांसमोर मुलीच्या फोनचं सील फोडलं. या वेळी वडिलांसोबत ती ठाण्यात आली होती. फोन सुरू झाला आणि मेल आले. विद्यापीठाचा मेल आम्ही फोन घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी आलेला होता. दोन पत्रांत तफावत आहे, तुमचं म्हणणं चार दिवसांत कळवा, न कळवल्यास अर्ज रद्द समजला जाईल. चार दिवस कधीच उलटून गेले होते. पाचव्या दिवशीचा दुसरा मेल होता, अर्ज रद्द झाल्याचा. तिने दोन्ही मेल वाचले आणि फोन टेबलावर ठेवला. वडील विचारत होते, काय लिहिलंय, काय लिहिलंय.

मी त्याच दिवशी ठाण्याच्या मेलवरून विद्यापीठाला सविस्तर लिहिलं. मुलगी निर्दोष आहे, फोन आमच्या ताब्यात होता म्हणून तिला उत्तर देता आलं नाही, विलंबाची जबाबदारी माझी आहे. आठवड्याने उत्तर आलं. अतिशय सभ्य होतं. ती जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली गेली आहे, पुढच्या वर्षी तिने जरूर अर्ज करावा. शेवटी दोन ओळी होत्या, त्या मला अजून पाठ आहेत. त्रेपन्न गुणांची अडचण कधीच नव्हती. कॉलेजने वर्गाची पूर्ण यादी जोडली होती, त्यात दुसऱ्या क्रमांकाला एकोणचाळीस होते, तेव्हा त्रेपन्नचा अर्थ आम्हाला समजला होता.

आमच्यापैकी कोणालाही ती यादी बघायचं सुचलं नव्हतं. काउन्सेलरने एक आकडा बघितला, सरांनी काउन्सेलरचा चेहरा बघितला, प्राचार्यांनी कॉलेजची इभ्रत बघितली. मी पंचनामा बघितला. तिला प्रवेश मिळणं किती अवघड आहे हे आम्ही चौघांनी आपापल्या परीने ठरवलं होतं, आणि ज्यांच्या हातात ते होतं त्यांना त्यात काही अवघड दिसलं नव्हतं.

बोर्डात तिला गणितात ऐंशीपैकी सत्त्याहत्तर मिळाले. मी पेढे घेऊन गेले. गणवेश न घालता, रिक्षाने. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर म्हणाले, लागेल ते पत्र मी देते. तिने पेढा घेतला, पाणी दिलं. मग म्हणाली, "नको मॅडम. परत कोणाकोणाच्या सह्या मागत फिरू?"

सर निलंबित झाले. खटल्यात मी साक्ष दिली, जे घडलं ते सांगितलं. शिक्षा किरकोळ झाली, नोकरी मात्र गेली. ते वांगणीला राहायला गेले आणि तीन वर्षांपूर्वी वारले. मुलीने इथेच बीएस्सी केलं. आता अंबरनाथच्या एका औषध कंपनीत तपासणी विभागात आहे, लग्न होऊन सोनिवलीला राहते. बाजारात दिसली की नमस्कार करते. थांबत नाही.

इरा, यातून मी शिकले ते एवढंच. आपली शक्यता किती, हे ज्याच्या हातात निर्णय नाही त्याच्याकडून ऐकून मागे फिरायचं नाही. तुला नकार यायचाच असेल तर तो त्यांच्याकडून येऊ दे. अर्ज पूर्ण कर, स्वतः पाठव, आणि मेल रोज बघ. तुझा फोन कोणी घेतलेला नाही.

आमच्या इमारतीतली एक मुलगी त्याच कॉलेजात बारावीला आहे. परवा तिची आई मला विचारत होती, प्रिलिमला गणितात एकेचाळीसच पडले, हिचं कसं होणार. मी म्हटलं, वर्गाची यादी आणा.

सर नाहीत, ते प्राचार्यही आता नाहीत. प्रिलिम अजून कडकच तपासतात.

तुमची,
आजी