ब्लाऊजपीसातले जाम

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या बाप्पा, मायी बायको चहा घेऊन आली का हे सांगता यायचं नाही. जन्मभर म्या साऱ्या मोहल्ल्याले बनवलं, पण एका माशीनं मले असं बनवलं का इचारू नका!

अमरावतीले आमच्या घरामागं जामाचं झाड हाये. जाम म्हणजे पेरू. पुण्याच्या पावण्यायसाठी सांगून ठेवतो. पोरीच्या लग्नात तिचे सासरे, आमचे अकोल्याचे इवाई, चारचौघांत बोलले, "तुमच्या जामात गर कमी, अळ्या जास्त!" लय झोंबलं! म्हणलं, "दिवाळी झाल्यावर घरी या. एक बी अळी दाखवा अन् मंग नाव ठेवा!"

कृषी केंद्रातला पोट्टा म्हणला, "काका, फळमाशी सालीत अंडे घालते. फळाले कापडाची पिशवी बांधा. पण..."

त्याच्या 'पण'च्या आधीच म्या गाडीले किक मारली. जास्त थांबलं का हे लोक औषध गळ्यात मारतेत!

आता एवढं कापड कुठून आणावं? बायको गेलती माहेरी अंजनगावले. कपाटात तिचा ब्लाऊजपीसचा गठ्ठा. तुमीच सांगा, ओटीतला ब्लाऊजपीस कधी कोणी शिवते का? हिच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून आणखी कोणाकडे, सरकारी फायलीवाणी नुसता फिरते! घेतली कात्री. एकूणएक जामाले पिशवी! झाड असं नटलं, का मांडव टाकाचाच बाकी होता.

आठ दिवसानं बायको आली.

"अवो, हे काय करून ठेवलं?"

"माशीचा बंदोबस्त!"

"अन् उद्या इहीनबाई येऊन राहिल्या, त्याईची ओटी कायनं भरू? तुमच्या बनियननं?"

दुसऱ्या दिवशी इवाई-इहीन आले. इहीनबाई मागच्या दारातच थबकल्या. "अवो माय! हा मोरपंखी पीस तं म्या देल्ला होता!"

बायको लाल. मी कायचा लाजतो? "म्हणूनच तं सगळ्यात वरच्या जामाले नेसवला, इहीनबाई!"

बायकोनं आकडीनं तोच जाम तोडला अन् पिशवीसकट ओटीत घातला. खण बी झाला, फळ बी झालं! मी फुगून टम्म. दुसरा जाम इवायाच्या हातात देल्ला. "फोडा आता!"

इवायानं फोडला. आत वळवळ. तिसरा फोडला. तिथं बी जत्रा!

त्यायनं मलेच इचारलं, "इवाई, पिशव्या बांधल्या कधी?"

"जाम पिवळे पडाले लागले तवा. आधी बांधून काय फायदा?"

"अवो, हिरव्यावरच बांधा लागते! माशी अंडे घालून कवाचीच गेली. तुमी पिशव्या नाही बांधल्या, तिच्या लेकरायले पाळणे बांधले!"

तवा इहीनबाईनं ओटीतली पिशवी सोडून आत डोकावून पायलं, अन् पदर तोंडाले लावून म्हणल्या,

"राहू द्या हो. आजवर लय ओट्या घेतल्या, पण अशी लेकुरवाळी ओटी कोणीच भरली नव्हती!"