लिफ्टबाहेरचा भिस्ती

नासिर भिस्त्यांच्या घराण्यातला. आजोबांनी कातड्याच्या मशकीनं कॅम्पातले रस्ते भिजवले, घरोघरचे माठ भरले. नातू वीस लिटरचे जार खांद्यावर टाकून कर्वेनगरचे जिने चढतो. प्रगती म्हणायची ती एवढीच, की कातड्याचं प्लास्टिक झालं.

जिनेच, कारण 'सुप्रभा हाइट्स'च्या लिफ्टवर पाटी होती: 'जारवाले, कचरावाले व पाळीव प्राणी यांनी जिना वापरावा.' कुत्र्यांच्या मालकांनी तक्रार केली, तेव्हा पाळीव प्राणी तेवढे खोडले गेले.

नासिरचा उजवा गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणाले, जिने बंद. जिने बंद म्हणजे चूल बंद, हे डॉक्टरांना कोण सांगणार?

अशात सोसायटीला संस्कृतीचा उमाळा आला. सांस्कृतिक समितीच्या नीरजाताईंनी 'जगभरचे पाणके' असं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. मोरोक्कोचा घंटा वाजवणारा पाणक्या, इजिप्तचा पाणक्या, सगळे फोटोत गोंडस. एक जिवंत नमुना कमी पडत होता, म्हणून नासिर आठवला. मशक घेऊन दोन तास उभं राहायचं, मग शाल आणि चहा. नासिरनं शाल नको म्हटलं. त्याला लिफ्ट हवी होती, कायमची.

"एवढंच ना? झालं समजा," नीरजाताई म्हणाल्या.

बायको अख्तरबानूनं मशकीला तेल चोळता चोळता विचारलं, लिहून घेतलंत का? नासिर हसला. शिकलेली माणसं आहेत, म्हणाला. त्याची चूक झाली ती तिथंच.

रविवारी तो मशक भरून मांडवात आला. ताईंचा चेहरा पडला. टाइल्सवर गळेल, रिकामी करा आणि आत वर्तमानपत्रं कोंबा, भरल्यासारखी दिसेल, असं त्या सांगू लागल्या.

"ताई, भिस्ती उभा राहिला की आधी पाणी विचारतो. कागद भरून उभा राहतो तो सोंगाड्या."

तो भरल्या मशकीनिशी उभा राहिला आणि रीतीप्रमाणे येणाऱ्या प्रत्येकापुढे कटोरा धरत गेला. लोकांनी सेल्फी काढले, पाणी कुणी घेतलं नाही. प्रत्येकाच्या हातात आपापली बाटली होती, नासिरच्याच जारमधून भरलेली. फक्त झाडूवाल्या प्रेमलाबाई दोन कटोरे प्यायल्या. मग अध्यक्ष आनंदराव श्रमप्रतिष्ठेवर पंचवीस मिनिटं बोलले आणि नको म्हटलेली शाल त्याच्या अंगावर पडलीच.

सोमवारी नासिर पहिला जार घेऊन लिफ्टपाशी गेला. वॉचमननं हात आडवा केला. नीरजाताई फिरायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

"अहो, मी तसं बोलले होते खरी, पण विषय मीटिंगमध्ये घ्यावा लागेल. जार लागून आरशाला ओरखडे पडतात हो."

सात वर्षं त्यांच्या चौथ्या मजल्यापर्यंत पाणी वाहणाऱ्या माणसापेक्षा त्यांना आरशाचा कळवळा जास्त.

नासिर भांडला नाही. मांडव अजून उतरवला नव्हता. टेम्पोतले बावीसच्या बावीस जार त्यानं 'जगभरचे पाणके'च्या फलकाखाली ओळीनं मांडले आणि पहिल्यावर शाल घडी करून ठेवली.

"प्रदर्शन चालू ठेवलंय, ताई. आजपासून जार इथंच मिळतील. मजले ज्यानं त्यानं चढावेत."

दुसरा जारवाला आणू, अशी धमकी वरून आली. आणा म्हणाला, फक्त गुडघे तपासून घ्या.

तहान काही मीटिंगची वाट पाहत नाही. संध्याकाळपर्यंत जार एकेक करून लिफ्टनं वर गेले आणि आरशाला पहिला ओरखडा पडला. तो जार आनंदरावांचा होता.