क्वांटमपासून लपवलेली भाजी

फजिती सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मागाहून फोन करून हसू नका.

मी भद्रावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. क्वांटम कम्प्युटरबद्दल कुठेतरी वाचलं आणि माझं डोकं फिरलं. आज जे डिजिटल कुलूप फोडायला हजारो वर्षं लागतील, ते हे यंत्र चुटकीसरशी उघडेल म्हणे. चोर लोकांचा माल आजच कुलपासकट उचलून ठेवतात आणि यंत्राची वाट बघत बसतात. स्टाफरूममध्ये मी रोज हेच पुराण लावलं. शेवटी गणिताच्या मॅडम वैतागल्या.

"सर, तुमच्या मोबाइलात असं हाय तरी काय?"

काय असणार? विजेची बिलं, मुलीची मार्कशीट आणि पोट आत ओढून काढलेले माझे फोटो. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

मी सगळे कागद एका ऑनलाइन खात्यात टाकले आणि पासवर्ड म्हणून एक अख्खं वाक्यच ठेवलं. असं वाक्य, की जगात दुसऱ्या कुणाला सुचू नये. पासवर्ड लांबवून क्वांटमचं फारसं अडत नाही, हे मला नंतर कळलं. तेही मॅडमकडूनच.

मग एके दुपारी मी चंद्रपूरच्या बसमध्ये होतो. बायकोचा फोन आला.

"अवो, पोरीच्या कॉलेजचा फॉर्म भरून राह्यली. मार्कशीट पायजे. पंधरा मिनिटांत बंद होते. पासवर्ड पाठवा."

"मेसेजवर नाही पाठवत. ते लोक पकडून ठेवतात."

"कोण लोक? मंग तोंडानं सांगा."

मी हळूच सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही. जरा मोठ्यानं सांगितलं. बसचा खडखडाट, वर रस्त्याचे खड्डे. पोरीचं वर्ष जायची वेळ आली होती हो! शेवटी मी उभा राहून ओरडलो, "सासूबाईंच्या भाजीत मीठ जास्त! सगळं इंग्रजी अक्षरांत, जोडून!"

अख्खी बस वळून माझ्याकडे बघू लागली.

मग बायकोचा थंड आवाज आला. "आई इथीच बसली हाय. फोन स्पीकरवर हाय."

मागून सासूबाई म्हणाल्या, "कोणती भाजी, थे बी इचार त्याले."

"खातं उघडून नाई राह्यलं," बायको म्हणाली. "आता का नाही उघडत?" मी पुन्हा ओरडलो. शेजारी टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी फोनकडे वाकली. "बाई, शेवटी हॅश हाय का म्हणून इचार. माह्या नातवाच्या पासवर्डात असते."

होता. हॅश होता. खातं उघडलं, फॉर्म वेळेत गेला. "संध्याकाळी घरी या, मंग बोलू," एवढं म्हणून बायकोनं फोन ठेवला.

मी खाली मान घालून बसलो. कंडक्टर जवळ आला. मला वाटलं, तिकीट विचारेल.

"सर, एवढं कोणापासून लपवून राह्यले होते?"

मी त्याला क्वांटम कम्प्युटर समजावून सांगितला. चांगला दोन स्टॉप सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या मशीनले इथी यायले लय टाइम हाय, सर," तो म्हणाला. "तवरक तुम्ही हळू बोलत जा."