मायची सलाइन मी अडवली

"हा सिव्हिअर अस्थमा अटॅक आहे," कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरताई म्हणाल्या. म्हणजे दम्याचा जोरदार झटका. श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि हवेची वाट बुजते. माझी माय पिशोरहून संभाजीनगरला जीपमध्ये बसून आली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. छातीत शिट्टी वाजत होती, एका श्वासात दोन शब्द निघत नव्हते.

नेब्युलायझर लावला. म्हणजे मास्कमधून औषधाची वाफ. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. फरक नाही.

"मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून द्यावं लागेल. सही करा."

आता शरमेची गोष्ट. आमच्याकडं अंग दुखलं तरी माणूस म्हणतो, "डॉक्टर, बाटली लावा." आणि लावतातही! धडधाकट माणसाला मिठाचं पाणी! त्याविरुद्ध मी आठवडी बाजारात पत्रकं वाटलीत: 'सलाइन म्हणजे ताकद नव्हे!' त्यातला एक शब्द खोटा नाही. त्याच तोऱ्यात मी सहीचा कागद बाजूला सारला.

"मॅग्नेशियम म्हणजे क्षारच ना? मिठाची बाटली लावायची नाय. खरं औषध द्या."

"अहो ताई, हेच औषध आहे. पेशीत कॅल्शियम शिरलं की स्नायू आवळतो. मॅग्नेशियम त्या कॅल्शियमला अडवतं, मग स्नायू सैल पडतो."

"लेखी द्या."

मी भांडत राहिले. सात-आठ मिनिटं तरी गेली असतील. मग मायच्या छातीतली शिट्टी थांबली.

"बघा, थांबली! उतार पडला तिला."

डॉक्टरताईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि ओरडल्याच, "हवाच जात नाही आत, म्हणून आवाज नाही! सही करा!"

मायचे ओठ निळे. डोळे माझ्यावर. मी कागद ओढून सही केली.

ती छोटी बाटली वीस मिनिटांत गेली. मी भिंतीला डोकं टेकून उभी होते. देव मानत नाही, तरी कुणाकडं तरी भीक मागत होते. मग शिट्टी परत आली. तेवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

तीन दिवस आयसीयू. बाहेरच्या बाकावर कळलं, नेब्युलायझरच्या औषधानं रक्तातलं पोटॅशियम उतरतं. ते फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून पुन्हा पुन्हा रक्त नेतात. हाही क्षारच. आणि मी म्हणत होते, नुसतं मीठ!

तुमच्यावर ही वेळ आली तर विचारा, जरूर विचारा: बाटलीत काय आहे, कशासाठी आहे? पण समोरच्याला श्वास घेता येत नसेल, तर आधी सही. आणि हे वाचून मॅग्नेशियमच्या गोळ्या आणायला पळू नका. ते झटक्यातलं, हॉस्पिटलातलं औषध. घरी डॉक्टरांनी दिलेला पंप रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी.

डॉक्टरताईंनी फाइलमध्ये माझ्याविरुद्ध एक ओळही लिहिली नाही. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

माय आता पिशोरला ओट्यावर बसून शेजारणींना सांगते, "माझी पोर लई भांडली डॉक्टरसंगं. तव्हा कुठं त्यांनी औषध लावलं. नायतर मी गेलेच व्हते."

मास्कच्या आडून तिला एवढंच दिसलं. शेजारणी माझ्याकडं कौतुकानं बघतात आणि मी चहा ओतत राहते. हे छापायला देण्याआधी, आज, तिला वाचून दाखवणार आहे.