आईचे तेविसावे वर्ष

हे टिपण मी एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहायला घेतले. स्मृतिभ्रंश झालेल्या माझ्या आईला ज्या निवासी केंद्रात ठेवले आहे, तिथला खर्च मला परवडेनासा झाला होता आणि तिला घरी आणण्याचा दिवसही ठरला होता. मग तो खर्च भागला तो माझ्या खटपटीने की कुणाच्या कृपेने, असा तो प्रश्न आहे. मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवले. उत्तराआधी दिलेली माहिती नीट मांडावी, ही जुनी सवय आहे. म्हणून घडले ते क्रमाने सांगते.

आम्ही बुऱ्हाणपूरचे. वडील सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते आणि ते गेल्यापासून आईला फॅमिली पेन्शन मिळते. मी लग्न केले नाही. खाजगी शाळेत नोकरी केली, त्यामुळे मला स्वतःला पेन्शन नाही. निवृत्तीनंतर घरीच शिकवण्या घेते. धाकटा भाऊ नेपानगरला असतो. त्याच्या पदरात दोन मुलींची शिक्षणे आहेत, तरी जमेल तेवढे तो पाठवतो. आईचे विसरणे आधी चष्म्यापुरते होते, मग गॅसपर्यंत आले, मग दारापर्यंत. मी आतल्या खोलीत मुलांना अपूर्णांक शिकवत असताना ती दोनदा घराबाहेर पडली. पहिल्या वेळी केळीच्या ट्रकांच्या अड्ड्यावर सापडली. दुसऱ्या वेळी तापीच्या राजघाटावर, गुडघाभर पाण्यात उभी होती. ज्या नावाड्याने तिला हाताला धरून वर आणले, तो मला म्हणाला, “बाई, हिला आता एकटं सोडू नका. नदीला काय, ती सगळ्यांनाच जवळ घेते.” त्याच आठवड्यात मी तिला खंडव्याच्या रस्त्यावरील केंद्रात ठेवले.

केंद्र चांगले आहे. दाराला कडी असते, पण आत अंगण आहे. आईला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाया तिच्याशी मायेने बोलतात. वर्षभर मी कसेबसे निभावले. आईची पेन्शन, माझ्या शिकवण्या, भावाचा हातभार आणि शेवटी माझ्या बांगड्या. बांगड्या गेल्यावर मोडण्यासारखे काही उरले नाही. मी व्यवस्थापकांना सांगून टाकले की महिनाअखेर आईला घेऊन जाईन. भावाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “ताई, दाराला कुलूप लावून शिकवण्या घेशील का?” कुलूप लावलेल्या दाराआडची आई आणि उघड्या दारातून नदीकडे निघालेली आई, या दोहोंपैकी एक मला निवडायची होती.

श्रद्धेबद्दल खरे सांगायचे तर मी कोरडी होते. आई दर पौर्णिमेला तापीमाईला दिवा सोडायची. मी तिची चप्पल सांभाळत पायरीवर बसायची. त्या शनिवारी मात्र शिकवणी आटोपून मी एकटीच राजघाटावर गेले. दिवा नव्हता, फूल नव्हते. जी नदी तिला घेऊन जाईल अशी मला धास्ती होती, तिच्याकडेच पाहून मी म्हणाले, “माय, माझी सगळी आकडेमोड करून झाली. उत्तर येत नाही. आता तुझं तू बघ.” मनाला शांती वगैरे लाभली नाही. पाय दुखत होते, म्हणून रिक्षाने घरी आले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, नेहमीप्रमाणे आईला भेटायला बसने गेले. आई अंगणातल्या बाकावर बसली होती. तिच्या शेजारी एक अनोळखी बाई होत्या, साठीच्या पुढच्या, आपल्या थोरल्या बहिणीला भेटायला आलेल्या. आईने मला ओळखले नाही. पण लाजून, पदर तोंडाशी नेत ती म्हणाली, “बाई, मला तेविसावं लागलं. आता कोण करंल माझ्याशी लगीन?”

हे वाक्य ती गेले सहा महिने बोलत होती आणि दर वेळी मी ते दुरुस्त करत होते. त्याही दिवशी केले. “आई, तुझं लग्न अठराव्या वर्षी झालं. होऊन साठ वर्षं झाली.”

“न्हाई. तेविसावं.”

“अठरावं, आई.”

शेजारच्या बाई हसल्या. “आप टीचर हो क्या?” त्यांनी विचारले. मी मान डोलावली. “वाटलंच मला. बिचारी काही बोलली की तुमचा लाल पेन तयार! कधी तिला विचारलं का, की तेवीसच का म्हणते? बावीस का नाही, पंचवीस का नाही?”

मी म्हणाले की आजारच तसा आहे, ती काहीही बोलते.

“काहीही नाही बोलत, बाई. माझी बहीण बघा, सकाळी काय खाल्लं ते गेलं. पण लहानपणीच्या गाईचं नाव पक्कं आहे. नवं पुसतं, जुनं राहतं.” मग त्या थोड्या जवळ सरकल्या. “पेन्शन मिळते ना यांना? कागदावर वय किती आहे?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“आणि ही म्हणते ते खरं निघालं तर?”

मी मनात बेरीज केली. त्र्याऐंशी.

“मी पेन्शनच्या दफ्तरात उमर काढली,” त्या म्हणाल्या. “ऐंशी पुरी झाली की फॅमिली पेन्शन वाढते. पण नुसती उमर होऊन चालत नाही, कागदावर व्हावी लागते. शाळेत गेली होती का ही? मग जा ना, रजिस्टर बघून या. तुम्ही तर मास्तरीण!”

बसमध्ये मला एक गोष्ट आठवली आणि मान खाली गेली. वडिलांच्या पेन्शनच्या कागदांत आईच्या जन्मतारखेचा रकाना कोराच होता. बँकेने आधार कार्डावरची तारीख धरली होती. आणि ती तारीख माझी होती. आधारच्या शिबिरात आईला जन्मसाल विचारले तेव्हा ती घुटमळली. मागे रांग होती. मीच पुढे होऊन सांगितले: लग्नाच्या सालातून अठरा वजा केले आणि तारीख दिली एक जुलै. ज्या मुलाची जन्मतारीख माहीत नसे, त्याला शाळेत आम्ही एक जुलैच लावत असू. आईने माझ्याकडे पाहिले होते. मग तिने यंत्रावर बोटे टेकवली होती.

आईचे माहेर तापीच्या खालच्या अंगाला, रावेरकडे आहे. तिथे आता एकच मामा उरले आहेत, तिच्याहून बरेच लहान. दोनच दिवसांनी मी त्यांच्या ओट्यावर बसून विचारले, “मामा, लग्नात आईचं वय किती होतं?”

मामांनी आधी मामीकडे पाहिले आणि मग खो खो हसले. “आक्कानं सांगितलं का शेवटी? आम्हाला तर शपथ घातली होती तिनं!” हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांची आई लवकर गेली. चार धाकट्या भावांची न्हाणी-धुणी, भाकरी, शाळा हे सगळे आक्कानेच केले आणि त्यात तिचे लग्नाचे वय निघून गेले. शिकलेल्या मास्तरांचे स्थळ आले तेव्हा ते हातचे जाऊ नये म्हणून घरच्यांनी तिचे वय पाच वर्षांनी कमी सांगितले. “तुझे वडील जन्मभर पोरांची वयं तपासत बसले,” मामा म्हणाले, “पण घरात बायको पाच वर्षांनी लहान होऊन आली, ते मास्तराला काही समजलं नाही!”

गावच्या शाळेतील तरुण मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टरचा जुना खंड काढून दिला. कडा कुरतडलेल्या होत्या, शाई तपकिरी झाली होती. आईचे माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि जन्मतारीख. ती एक जुलै नव्हती. कुणी तरी त्या मुलीची तारीख विचारून, खात्री करून लिहिली होती. मी पुन्हा वजाबाकी केली. लग्नाच्या वेळी आईला तेविसावे चालू होते.

पुढचे काम सरळ असले तरी संथ होते. माहेरचे आणि सासरचे नाव एकाच व्यक्तीचे आहे, असे शपथपत्र मामांनी केले. रजिस्टरच्या उताऱ्यावरून आधी आधार दुरुस्त झाले आणि मग बँकेत व पेन्शनच्या कार्यालयात अर्ज गेला. केंद्राच्या व्यवस्थापकांना मी उतारा दाखवला. ते म्हणाले, “कागद चालू आहेत ना? मग आईंना हलवू नका. मागचं मागून बघू.” चार महिन्यांनी पेन्शन वाढली आणि मागच्या तीन वर्षांचा फरकही मिळाला. त्यातून केंद्राचे राहिलेले दिले. आता दर महिन्याला ओढाताण आहे, पण ती सोसण्याइतकीच. आई तिथेच आहे. परवा भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, काल बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.” मीही झोपते.

त्या बाईंचे आभार मानायला मी पुढच्याच रविवारी गेले होते. त्यांच्या बहिणीला मुलगा इंदूरला घेऊन गेला होता. बाई पुन्हा आल्या नाहीत. मी त्यांचे नावही विचारले नव्हते. त्यांना कुणी पाठवले, हे मी सिद्ध करू शकत नाही आणि करणारही नाही. शनिवारी मी नदीसमोर हात टेकले आणि रविवारी त्या बाकावर होत्या, एवढेच मला माहीत आहे.

मूळ प्रश्नाचे माझे उत्तर मात्र तयार आहे. खटपट मी केली. पण ती करण्याआधी मला गप्प बसावे लागले, आणि ते माझ्या स्वभावात नव्हते. तेवढी जागा माझ्या मनात ज्याने केली, त्याला मी कृपा म्हणते. शरण जाणे म्हणजे हातपाय गाळणे नव्हे. आपले उत्तर चुकले असेल, हे मान्य करून समोरच्याचे ऐकायला बसणे, एवढाच त्याचा अर्थ मला कळला. आईने साठ वर्षे माहेरची लाज राखली. आजाराने तिचे सगळे नेले, पण जाता जाता ते एक खरे तिच्या तोंडी ठेवले. आता ती तेविसावे म्हणाली की मी विचारते, “मग? कसा नवरा पाहिजे?” ती लाजते आणि सांगत बसते. तिच्या त्या हसण्यासाठी मी तापीमाईची ऋणी आहे.

वाचकांना एकच विनंती आहे. माझ्यावर विश्वास ठेवून थांबू नका. आपल्या घरातील वृद्धांच्या पेन्शनच्या कागदांवर कोणती जन्मतारीख आहे, ती कुणी आणि कशावरून लिहिली, आणि आजचा नियम काय सांगतो, हे कृपया स्वतः जाऊन तपासून पाहा.